मूठ

मायचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पप्पांनी माझ्यापुढं एक प्लास्टिकची चेनवाली पिशवी ठेवली. बी-बियाण्याच्या दुकानातून मिळते तसली. आत मायचं आधार कार्ड, मृत्यूचा दाखला, सातबाऱ्याचे चार-पाच उतारे आणि घडीवर फाटत आलेला एक जुना स्टॅम्प पेपर.

"लॅपटॉप आणलायस ना? ह्याच्यासारखंच एक नवं टाईप करून दे," ते म्हणाले. "आत्या दोघी अजून घरातच हायत. एकदा गेल्या की परत बोलवावं लागतं."

तो कागद म्हणजे १९८७ चं हक्कसोडपत्र होतं. खाली मधल्या आत्याचा निळा अंगठा आणि थोरल्या आत्याची सही. चौथीत शाळा सुटलेल्या पोरीचं अक्षर. प्रत्येक अक्षर सुटं, आणि शेवटचं रेषेच्या खाली घसरलेलं.

मी लॅपटॉप उघडला. आणि तसाच ठेवून बसले.

*

माय म्हणजे माझी आजी. तिला सगळेच माय म्हणायचे. तिची पोरं, सुना, आम्ही नातवंडं, सालगडी, दारावर येणारी बांगडीवालीसुद्धा. तिचं खरं नाव मी पहिल्यांदा नीट वाचलं ते रेशन कार्डावर, आणि दुसऱ्यांदा सातबाऱ्यावर. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९३२ आहे. आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या १ जानेवारीलाच जन्मल्यात, कारण फॉर्म भरणाऱ्या पोराला काहीतरी तारीख टाकावीच लागते. त्या हिशोबानं माय गेली तेव्हा ९१ वर्षांची होती. ती स्वतः वय विचारल्यावर एवढंच सांगायची, "रझाकाराच्या टायमाला माज्या लग्नाला दोन-तीन वर्स झाली व्हती."

आमचं गाव लातूर आणि धाराशिवच्या शिवेवर, तेरणेपासून दोन कोसांवर. तेव्हा हा सगळा निजामाचा मुलूख. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं गावातली बरीच घरं रातोरात सोलापूरकडं निघाली, कारण सोलापूर निजामाच्या हद्दीबाहेर होतं. मायच्या सासूनं डाग-दागिने परड्यात पुरले. सोळा वर्षांच्या मायच्या डोक्यावर एक गाठोडं दिलं. त्यात कपडे नव्हते, भांडी नव्हती. त्यात दोन पायली ज्वारीचं बी होतं.

"खायाला नगं का द्यावं?" मी विचारायची.

"खाल्लं आसतं तर सपलं आसतं," माय म्हणायची.

१७ सप्टेंबरला निजामाच्या फौजेनं शरणागती पत्करली. माय आणि घरचे परत आले तेव्हा घराचं दार मोडलेलं होतं, बैलांपैकी एकच राहिला होता. पण रब्बीची पेरणी अजून व्हायची होती. शेजाऱ्याचा एक बैल मागून आणला, आणि डोक्यावर गेलेलं बी त्याच हस्त नक्षत्रात जमिनीत पडलं. आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट इथून सुरू होते. मायनं ती इतक्या वेळा सांगितली होती की आम्ही पोरं मधलं वाक्य आधीच म्हणून टाकायचो.

*

मायची मूठ गावात नावाजलेली होती. हे शहरातल्या माझ्या मित्रमैत्रिणींना दरवेळी समजावून सांगावं लागतं. ट्रॅक्टर यायच्या आधी पेरणी तिफणीनं व्हायची. तिफणीला तीन फण. प्रत्येक फणातून वर आलेली बांबूची पोकळ नळी. तिन्ही नळ्यांची तोंडं वर एका लाकडी वाटीला जोडलेली, तिला म्हणायचं चाडं. बैल चालत राहतात, आणि चाड्यावर धरलेल्या मुठीतून दाणे सुटत राहतात. तिन्ही नळ्यांत सारखे. बैलाच्या चालीला धरून. दिवसभर.

मूठ सैल पडली की पीक दाट येतं, मग कणसं बारीक. मूठ आवळली की तासात नांग्या पडतात. आणि हे सगळं दाणे मातीआड गेल्यावर. आठ दिवसांनी रान उगवून आलं की सगळ्या गावाला दिसतं, चाड्यावर कोण होतं. आजोबा कासरा धरायचे, माय चाडं. लोक आजोबांना म्हणायचे, "तुमचं रान वहीवर रेघा मारल्यासारखं उगवलंय." रान आजोबांचं होतं. रेघा मायच्या होत्या.

आजोबा भोळे आणि रागीट, दोन्ही होते. घर चालवायची माय. कुठल्या बळदात कुठल्या सालची ज्वारी आहे, कुणाला किती पायल्या उसन्या दिल्यात, कुठली गाय कधी विणार, सगळं तिच्या डोक्यात. लिहिता येत नव्हतं म्हणून ती दाराच्या मागं चुन्याच्या रेघा मारायची. बियाण्याची कणसं ती उभ्या रानातून स्वतः निवडून खुडायची, वाळवायची, चुलीची राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात भरायची. त्या मडक्याला घरात कुणी हात लावायचा नाही. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या वाड्याची मागची भिंत बळदासकट बसली. माणसं वाचली. पहाटेच्या अंधारात सगळे अंगणात रडत उभे, आणि माय विचारत होती, "मडकं बगा रं कुणीतरी." मी तेव्हा दोन वर्षांची, तिच्या कडेवर. पुढचे आठ दिवस बाया माती चाळून ज्वारी वेगळी करत होत्या. मडकं शाबूत निघालं.

*

पण मला सांगायची आहे ती थोरल्या आत्याची गोष्ट. ती मायच्या गोष्टीपासून वेगळी काढता येत नाही.

१९७२ च्या दुष्काळात पप्पा बारा वर्षांचे होते आणि थोरली आत्या चौदा. पाऊस नाही, रानात काही नाही, जनावरं विकायला काढली तरी गिऱ्हाईक नाही. सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, आणि सगळ्यात जास्त म्हणजे खडी फोडणं. पुढं याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा आला, तो १९७७ साली. तेव्हा मात्र लोकांना एवढंच माहीत होतं, की मस्टरवर नाव लागलं तर आठवड्याला पगार आहे आणि लेकरांना सुकडी आहे. रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. मायला तिचा राग होता. "भाकर थापायला गेलं की तुटायची. ज्वारीच्या घरात जलमून मिलो खाल्ली," असं ती मरेपर्यंत म्हणायची.

आजोबांनी खालचं चार एकर रान विकायचं ठरवलं होतं. गिऱ्हाईक तयार होतं, इसारही ठरला होता. माय म्हणाली, येवढं साल थांबा. आणि ती खडी फोडायला गेली. तिच्यासोबत थोरलीला नेलं. वय वाढवून तिचं नाव मस्टरवर लावलं. मायलेकी दिवसभर उन्हात बसून हातोडीनं दगड फोडायच्या. पप्पा धाकट्यांना सांभाळायचे, दुपारी सुकडी घ्यायला रांगेत उभे राहायचे. त्या दोघींच्या पगारावर घरातली आठ माणसं जगली. पुढच्या साली पाऊस झाला. रान विकावं लागलं नाही.

थोरलीची शाळा आधीच सुटली होती. आता डाव्या हाताच्या अंगठ्याचं नखही कायमचं गेलं. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं.

ही गोष्ट आमच्या घरात अभिमानानं सांगितली जायची. पण ती नेहमी अशी सांगितली जायची: "मायनं रान वाचवलं."

*

आजोबा १९८४ ला गेले. त्यांच्या नावावर अठरा एकर. वारस म्हणून तलाठ्यानं सहा नावं लावली. माय, तीन मुलगे, दोन मुली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या हिश्शात मुलीही वारस असतात, म्हणून. त्यात नवल काही नव्हतं. नवल असतं ते मुलींची नावं टिकली तर. गावात कुणाचीच टिकत नव्हती. दोन-तीन वर्षांत वाटणीची बोलणी निघाली, बहिणींना बोलावून घेतलं, तालुक्याला नेलं, सही-अंगठा घेतला. मायनं दोघींना इरकली लुगडी घेतली, संध्याकाळी पुरणाचा स्वयंपाक केला. मुलांना पाच-पाच एकर, मायच्या नावावर तीन एकर. तेच खालचं रान.

"आमच्या बहिणींनी एका शब्दानं सही केली" हे वाक्यही मी लहानपणापासून ऐकत आले. दुसऱ्यांच्या घरच्या भांडणांचा विषय निघाला की हमखास.

आता एक आठवण. मी आठ-नऊ वर्षांची असेन. येळवशीला दोघी आत्या यायच्याच. ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्गशीर्षातल्या अमावस्येला, ज्वारी पोटऱ्यात आलेली असते तेव्हा, आमच्या भागात अख्खं गाव रानात जेवायला जातं. कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, खीर. गावात त्या दिवशी कुत्रंसुद्धा राहत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या निघाल्या की माय प्रत्येकीला एक पिशवी द्यायची. पाच-सहा किलो ज्वारी, वर थोडी तूरडाळ, तीळ. मधली आत्या पिशवी घेऊन जायची. थोरली दरवर्षी ओसरीवर विसरायची. मग मी आणि माझा भाऊ पिशवी दोन्हीकडून धरून एसटी स्टँडपर्यंत पळत जायचो. आत्या खिडकीतून म्हणायची, "ऱ्हाऊ द्या गं लेकरांनो, गाडीत जागा न्हाई." आम्ही ती जड पिशवी परत आणायचो. माय काही न बोलता पिशवी बळदात ओतायची.

आम्हाला वाटायचं, आत्या विसराळू आहे.

*

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून गावी आले ती सात महिने राहिले. दिवसा गच्चीवर रेंज शोधत कंपनीचं काम, संध्याकाळी ओसरीवर माय. तोवर तिचं चालणं काठीवर आलं होतं. रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा लागायचा नाही. दहाही बोटं लावून बघितली तरी मशीन नाही म्हणायचं. रेषाच उरल्या नव्हत्या. दुकानदार कंटाळून म्हणायचा, "माय, हात धुऊन या." ती हसून म्हणायची, "साठ वर्स धुतला की मातीत."

ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनच आहे, २००५ साली कायदा बदलला तेव्हा वडील जिवंत होते की नव्हते यानं फरक पडत नाही. मी मोबाईलवर बातमी वाचत होते, मायला सोपं करून सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, "बरं झालं गं बाई." ती काहीच बोलली नाही. खूप वेळानं म्हणाली, "मंग थोरलीला मिळंल का?"

मी म्हटलं, तिनं लिहून दिलंय ना, नोंदणी करून. त्याचं आता अवघड आहे.

"तिनं न्हाई दिलं," माय म्हणाली. "मी घेतलं."

मग तिनं सांगितलं. तालुक्याला जायच्या आदल्या रात्री थोरली तिच्या शेजारी झोपली होती. अंधारात म्हणाली, "माय, खालच्या रानातलं एक एकर माज्या नावानं ऱ्हाऊ दे. कसू दे की दादाला. मला दाणाबी नगं. नाव तेवढं ऱ्हाऊ दे." आत्याचा नवरा तेव्हा दुसऱ्याच्या रानात सालानं होता. तिच्या नावावर जगात कुठंच काही नव्हतं.

"मंग तू काय म्हणलीस?"

"म्हणलं, तुला माहेर पायजे का एकर पायजे?"

एवढं बोलून ती थांबली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला भ्या वाटलं गं. येक तुकडा पडला की धा पडत्यात. भाऊ बोलायचे बंद झाले तर ती यील कुटं? माज्या बापाच्या रानाचं तर मला कुणी इचारलंबी न्हवतं. मी म्हणलं आसंच आसतं." आणि मग, "पिशवी न्हेत न्हाई ती. मला कळत नसंल का?"

त्या संध्याकाळी तिनं मला सांगितलं, माझं तीन एकर थोरलीच्या नावानं लिही. सगळं. मधलीचं बरं चाललंय.

मला माहीत होतं काय करायचं ते. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. एक कोरा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. मी म्हटलं, "लिहिते माय. पप्पांशी एकदा बोलते." आणि मी बोलले नाही. पप्पांचा चेहरा डोळ्यापुढं आला, काकांचा आला. लॉकडाऊनमध्ये एका छपराखाली भांडण नको, असं मी स्वतःला सांगितलं. मग ऑफिस सुरू झालं, मी पुण्याला आले. मायनं फोनवर दोनदा विचारलं, "त्ये कागदाचं केलंस का?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. नंतर नंतर ती मलाच थोरली समजून बोलायची.

२०२३ च्या दिवाळीनंतर, ज्वारी गुडघ्याला लागलेली असताना ती गेली. कागद झालाच नाही. मायनं थोरलीला नाही म्हटलं ते एका रात्रीत, भीतीपोटी. मी तीन वर्षं नाही म्हणत राहिले, तेही भीतीपोटीच, आणि मला कायदा माहीत असताना. मायला दोष देताना मला हे विसरता येत नाही.

*

म्हणून त्या दिवशी मी लॅपटॉप मिटला आणि पप्पांना म्हटलं, मी टाईप करणार नाही. ओसरीवर सगळे होते. मी मायचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. एक एकर, माहेर, पिशवी, सगळं. माझा आवाज थरथरत होता. काका म्हणाले, "म्हातारपणी माणूस काहीबी बोलतंय." पप्पा काहीच बोलले नाहीत. ते आत्याच्या हाताकडं बघत होते, असं मला वाटलं. मला तसं वाटायला हवं होतं म्हणूनही असेल.

मी एवढंच सांगितलं, की मृत्युपत्र नसलं तरी मायच्या तीन एकरांचे वारस पाचही जण आहेत. १९८७ ला सोडलेला हक्क आजोबांच्या जमिनीतला होता, मायच्या नाही. प्रत्येकाला चोवीस गुंठे. ज्याला सोडायचं त्यानं सोडावं, पण आधी विचारा.

मधली आत्या लगेच म्हणाली, "मला नगं बाई, मी सोडते." सगळ्यांनी थोरलीकडं पाहिलं. ती भांडी आवरत होती. मला वाटत होतं तीही नको म्हणेल, कारण गोष्टींत बहिणी तसंच म्हणतात.

ती म्हणाली, "मला पायजे."

काका उठून गेले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. माझा भाऊ गमतीत म्हणाला, "आता तू माझ्यावरपण केस करणार काय?" मी हसले, आणि नंतर रात्री विचार करत राहिले, की त्याला उत्तर काय द्यायचं.

*

जानेवारीत येळवस आली. मायशिवाय पहिली. काका कोपीवर आले नाहीत, त्यांनी आपल्या रानात वेगळी कोप केली. पांडवांची पूजा पप्पांनी केली. भज्जीला मायच्या हातची चव नव्हती, आणि हे प्रत्येकानं एकदा तरी बोलून दाखवलं.

वारसाचा फेरफार तोवर मंजूर झाला होता. जेवणं झाल्यावर थोरल्या आत्यानं मला हळूच बाजूला घेतलं. "मोबाईलवर दिसतंय म्हणं. दाव." मी उतारा उघडून तिच्या नावावर स्क्रीन मोठी केली. तिनं एक-एक अक्षर लावून वाचलं, वडिलांच्या नावासकट, माहेरच्या आडनावासकट. मग विचारलं, "ह्ये पुसतंय का?"

मी खरं ते सांगितलं. तू सही केल्याशिवाय नाही. पण तुझ्याकडं सही मागतील. हक्कसोडाचा कागद काही मीच टाईप करायला लागतो असं नाही.

"मागू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा पप्पांनी बळदातली ज्वारी काढून पिशवी भरली. माय भरायची तशीच, वर तूरडाळ आणि तीळ. ती ओसरीवर ठेवून ते रानाकडं निघून गेले. आत्यानं पदर खोचला, चपला घातल्या, आणि पिशवीकडं बघून मला म्हणाली, "धर येका अंगानं."

आम्ही दोघींनी ती दोन्हीकडून धरून स्टँडपर्यंत नेली. गाडी आली. मी पिशवी पायरीवर चढवून दिली, तिनं आत ओढून घेतली. परत येताना माझे हात रिकामे होते.